खाडीकाठचे रिंगिंग: हिवाळा २०२३-२४ च्या प्रकल्प नोंदी

२९ ऑक्टोबर २०२३

रिंगिंगसाठी, म्हणजे पक्षी जाळ्यात धरून, पायात क्रमांकाचे कडे घालून सोडण्यासाठी, जागा ठरली. ठाणे खाडीच्या पश्चिम काठावरचे, मीठ पिकवणे थांबलेले मिठागर. नेमका बांध इथे लिहीत नाही, कारण जाळ्यांची जागा जाहीर झाली की चोरून पक्षी धरणाऱ्यांना आयता पत्ता मिळतो.

ओहोटीला चिखल उघडा पडतो तेव्हा किनारपक्षी खाडीभर पांगून चरतात. तिथे जाळे लावून काही हाती लागत नाही. भरतीने चिखल बुडाला की तेच पक्षी थव्याने मिठागराच्या उथळ वाफ्यांत येऊन टेकतात. म्हणजे पक्षी कधी येणार हे भरतीच्या कोष्टकावरून कळते. अमावस्येच्या आसपास उधाणाची भरती मध्यरात्रीकडे येते, आणि हिवाळ्यात रात्रीची भरती दिवसाच्या भरतीपेक्षा मोठी असते. पौर्णिमेलाही उधाण असतेच, पण चांदण्यात जाळे पक्ष्यांना दिसते. त्यामुळे महिन्याकाठी कामाच्या रात्री चार-पाचच.

कागद: वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी. त्यात जाती, कमाल संख्या, तारखा आणि टॅगची (पक्षी कुठे जातो ते कळवणाऱ्या छोट्या यंत्रांची) संख्या वेगवेगळी दिलेली असते. 'पक्षी पकडणे' यात 'टॅग बसवणे' आपोआप येत नाही. मिठागराच्या जमिनीच्या प्रवेशाचे पत्र वेगळे. हद्दीतल्या पोलीस ठाण्याला प्रत्येक रात्रीची तारीख आधी कळवायची. सगळ्याची एक प्रत प्लॅस्टिकमध्ये घालून जाळ्यांजवळ राहील.

५ नोव्हेंबर

जाळी तपासली. मिस्ट नेट, म्हणजे पक्ष्यांना सहज न दिसणारी बारीक धाग्याची जाळी, प्रत्येकी १२ मीटर लांब, अडीच मीटर उंच, चार कप्प्यांचे. टिलवे आणि चिखल्ये या लहान किनारपक्ष्यांसाठी ३८ मिमी आस, म्हणजे जाळीचे भोक. हे माप आस ताणून घेतलेले आहे. काही विक्रेते गाठीपासून गाठीपर्यंतचे, म्हणजे निम्मे माप सांगतात आणि १९ लिहितात. मागवताना दोन्ही मापे लिहून पाठवावीत, नाहीतर दुप्पट मोठ्या आसाचे जाळे येते आणि छोटा टिलवा त्यातून आरपार जातो. गॉडविट या मोठ्या किनारपक्ष्यासाठी ६० मिमीची दोन जाळी. लहान आसात तो गुंतत नाही, आपटून मागे पडतो.

खांब बांबूचे, साडेतीन मीटर. बांधाच्या घट्ट मातीत ४० सेंमी पुरेसे, वाफ्याच्या चिखलात ७० तरी हवेत. बांबूच्या पेरांवर जाळ्याची नाकी अडकतात आणि कप्पे वरखाली सरकत नाहीत. पेरे घासून घेतली, वर पातळ पीव्हीसी पाइप चढवला. हे न करता रात्री जाळे मिटायला गेले तर एकेका खांबापाशी पाच मिनिटे जातात, आणि तेवढ्यात आणखी पक्षी येऊन पडतात.

प्रत्येक कप्प्याचा झोळ, म्हणजे पक्षी पडून अडकतो तो सैल भाग, हाताने पाहिला. जाळे आडवे फार ताणले तर झोळ राहत नाही आणि पक्षी उसळून बाहेर जातो. फार सैल सोडले तर तो इतका खाली लोंबतो की पाण्याला टेकतो. खालची दोरी भरतीच्या सर्वांत वरच्या पाण्यापासून किमान ५० सेंमी वर, तीही झोळात तीन-चार पक्ष्यांचे वजन आहे असे धरून मोजायची. बांधाला फट असेल तर वाफ्यात पाणी आत येतेच. दुपारच्या कोरड्या वाफ्याकडे पाहून उंची ठरवू नये.

१२ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. उद्या अमावस्या, म्हणजे महिन्यातली सर्वांत सोयीची भरती. जाळी उघडणार नाही. खाडीच्या दोन्ही काठांवर फटाके, थवे बसतात न बसतात तोच उठतात. घाबरून उडालेला पक्षी जाळ्यात जोरात आदळतो आणि अधिक गुंततो. भाऊबीज उलटल्यावर पाहू.

१६-१७ नोव्हेंबर, रात्र

भरती पहाटे अडीचच्या सुमारास. सहा जाळी. उघडली साडेबाराला, मिटली साडेतीनला. वारा नाममात्र, दव भरपूर.

२३ पक्षी: छोटा टिलवा १७, कर्ल्यू सँडपायपर (वाकड्या चोचीचा किनारपक्षी) ४, चिखल्या २. सगळ्यांना कडी.

फेरी दर १५ मिनिटांनी. हेडलॅम्प लाल उजेडावर, पक्षी सोडवतानाच पांढरा. एका जाळ्यात वटवाघूळ. ते जाड चामडी हातमोजे घालून, पक्ष्यांच्या आधी सोडवले, कारण ते दातांनी जाळे कापत जाते. सोडवणाऱ्याने त्यानंतर हातमोजे बदलावेत, त्याच हातांनी पक्ष्याला शिवू नये.

नव्यांसाठी सोडवण्याची रीत पुन्हा लिहितो. पक्षी कोणत्या बाजूने आत आला ते आधी पाहायचे, बाहेरही त्याच बाजूने काढायचा. पाणपक्ष्यात सुरुवात पायांपासून. बोटांच्या पेरांत अडकलेले धागे एकेक करून ओढून नव्हे, बोट मागे दुमडून सरकवायचे. मग पोट मोकळे, मग पंख, डोके शेवटी. जिभेमागे धागा गेला असेल तर तो पहिला काढायचा. दोन मिनिटांत उकलले नाही तर शिवणकामातल्या उसवणीने धागा कापायचा. जाळे शिवता येते.

सोडवलेले पक्षी कापडी पिशवीत घालून ठेवले नाहीत. लांब पायांचे पक्षी पाय मुडपून बसवले की त्यांचे स्नायू आखडतात, सोडल्यावर उभेच राहता येत नाही. बारदानाच्या झाकणाचे, आत उभे राहता येईल एवढ्या उंचीचे पिंजरे वापरले, तळाला स्वच्छ कापड. एका पिंजऱ्यात एकाच आकाराचे पक्षी.

१३-१४ डिसेंबर, रात्र

या रात्रीची नोंद सविस्तर, कारण चूक झाली.

अमावस्या नुकतीच उलटलेली, भरती साडेबाराच्या सुमारास. दहा जाळी उघडली. सोडवणारे चौघे. अकरा वाजेपर्यंत सात पक्षी. अकरा चाळीसला एक मोठा थवा पलीकडच्या वाफ्यातून उठला आणि तीन लगतच्या जाळ्यांत एकदम शिरला. एकूण ६१ पक्षी: छोटा टिलवा ३९, कर्ल्यू सँडपायपर १६, चिखल्या ६. एक छोटा टिलवा मेला.

तो सर्वांत खालच्या कप्प्यात होता. त्याच कप्प्यात आणखी पाच पक्षी पडल्यावर झोळ पाण्याला टेकला. खालची दोरी दुपारी ५० सेंमीवर होती, पण बांधाच्या कोपऱ्यातल्या खेकड्यांच्या बिळांतून पाणी आत आले आणि रात्री ते अंतर १५ सेंमी उरले होते. बाकीचे पाच भिजले. त्यांना पुसून, उबेत ४० मिनिटे ठेवून, मोजमाप न करता केवळ कडे घालून सोडले.

कारणे दोन, आणि दोन्ही आपल्या हातातली. एक, वाफ्यात पातळीची काठी नव्हती. दोन, चार माणसांना दहा जाळी. एका सोडवणाऱ्यामागे एकच जाळे, हे प्रमाण आता बदलायचे नाही. थवा मोठा दिसला तर तो येण्याआधी जाळी मिटायची. मेलेल्या पक्ष्याची नोंद वेगळ्या पानावर, कारणासह; परवानगीच्या अहवालात ती जशीच्या तशी जाईल.

कडी घातली ५९. एक पक्षी मागच्या हंगामातला, कडे आधीच होते.

१५ डिसेंबर

परवाच्या मापांत घोळ. मोजणारे दोघे. एकाकडच्या टिलव्यांचे पंख दुसऱ्याकडच्यांपेक्षा सरासरी २ मिमी लांब. पक्षी सरमिसळ वाटले गेले होते, म्हणजे हा फरक हातांचा.

साठवणीतल्या नमुन्यावर दोघांनी दहा-दहा वेळा मोजले. उत्तर लगेच सापडले. पंख पट्टीवर दाबून सपाट करायचा आणि बाहेरच्या बाजूने हलकेच सरळ करायचा, या दोन क्रिया आहेत. एकजण केवळ सपाट करत होता. पट्टीचा शून्याचा अडसर मनगटाच्या सांध्याला नीट टेकलेला हवा. टिलव्यासारख्या, साधारण ९२ ते १०३ मिमी पंखाच्या पक्ष्यात २ मिमी म्हणजे नर-मादीतला फरक पुसून जातो. यापुढे प्रत्येक नोंदीपुढे मोजणाऱ्याचे आद्याक्षर, आणि दर दहावा पक्षी दोघांनी मोजायचा.

चोच व्हर्नियरने, पिसे संपतात तिथपासून टोकापर्यंत. कर्ल्यू सँडपायपरच्या वाकड्या चोचीची सरळ रेषेतली लांबी घ्यायची, वाकणाच्या बाजूने नाही. वजन ०.१ ग्रॅमच्या काट्यावर. कापडी पिशवी दवाने भिजून रात्रभरात जड होत जाते, म्हणून प्लॅस्टिकची शंकूसारखी नळी. ती पुसून, दर वेळी शून्य करून.

१ जानेवारी २०२४

आजपासून वयाचे संकेत बदलतात. युरिंग, म्हणजे युरोपातल्या रिंगिंग संस्थांच्या, पद्धतीत पक्ष्याचा वाढदिवस १ जानेवारी. मागच्या पावसाळ्यात अंड्यातून निघालेले पिल्लू डिसेंबरच्या ३१ तारखेपर्यंत ३, आजपासून ५. प्रौढ काल ४, आज ६. मागच्या पानाकडे पाहून आकडा पुढे ओढणे ही सर्वांत सहज होणारी चूक आहे. म्हणून नवी वही, पहिल्याच पानावर हे दोन आकडे लाल शाईत.

कर्ल्यू सँडपायपरमध्ये पिल्लू ओळखायचे ते पंखावरच्या आतल्या लहान पिसांवरून. त्यांच्या कडा पिवळसर-तपकिरी राहतात. पंखातली मोठी पिसेही पाहायची. प्रौढ इथे पोचल्यावर ती बदलतात. प्रत्येक पिसाला ० ते ५ गुण: जुने ०, नुकते कोंबासारखे फुटलेले १, पूर्ण वाढलेले नवे ५. दहा पिसांचे मिळून ५०. पिल्लाची सगळी एकसारखी जुनी, म्हणजे शून्य.

१२-१३ जानेवारी, रात्र

चार जाळी. भरती एकच्या सुमारास. वाऱ्याने दोनदा जाळी मिटली. वाऱ्यात झोळ फुगून एका बाजूला जातो, पक्ष्याला जाळे दिसतेही आणि तो पडला तर घट्ट आवळला जातो. ३८ पक्षी, त्यांत ३ आधीच्या कड्यांचे. नवी कडी ३५.

त्या तिघांपैकी एकाचा क्रमांक वहीतून संगणकात उतरलेल्या यादीत नव्हताच. शोधताना दिसले की नोव्हेंबरच्या यादीत दुसरा एक क्रमांक दोनदा आहे. मूळ वही काढली. कड्यावरचा आकडा इंग्रजी, नोंदणाऱ्याने तो मराठीत लिहिला, टंकणाऱ्याने मराठी ४ ला इंग्रजी आठ समजले. १ आणि ९ मध्येही असा धोका असतो. यापुढे कड्याचा क्रमांक वहीत कड्यावर कोरला आहे त्याच अंकांत, बाकी नोंदी मराठीत चालतील.

पुकारण्याचीही एक गोष्ट ठरली. क्रमांक जोडून बोलायचा नाही. 'एकोणसाठ', 'एकोणसत्तर', 'एकोणऐंशी' वाऱ्यात एकसारखे ऐकू येतात, आणि मराठीत एकक आधी, दशक नंतर, त्यामुळे लिहिणारा उलटेही लिहून जातो. 'पाच, नऊ' असे सुटे अंक. लिहिणाऱ्याने ते परत म्हणायचे, मग कडे घालणाऱ्याने कड्यावर पुन्हा वाचायचे.

यावर एवढा भर देण्याचे कारण: डेन्मार्कच्या मॉर्टेन्सेन यांनी १८९९ मध्ये स्टार्लिंगच्या पायांत क्रमांक कोरलेली कडी घातली, भारतात बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने) हे काम १९२७ मध्ये सुरू केले, आणि तेव्हापासून आजवर कड्याची सारी किंमत क्रमांक आणि पत्ता या दोन गोष्टींत आहे. कडी घातलेल्यांपैकी फार थोडे पुन्हा हाती लागतात. दहा वर्षांनी दूरच्या एखाद्या किनाऱ्यावरून क्रमांक कळवला गेला आणि आपल्या वहीत तो चुकीचा असेल, तर त्या पक्ष्याचा सगळा प्रवास गेला.

१६ जानेवारी

संक्रांत उलटली. दिवसा दोन तास तिवरांच्या कडेने आणि जाळ्यांच्या रांगांत मांजा गोळा केला. नायलॉनचा मांजा रात्री जाळ्याच्या धाग्यासारखाच दिसतो आणि हाताने तुटत नाही. खांबांच्या तणावाच्या दोऱ्यांनाही गुंडाळला होता. पक्षी त्यात असता तर पाय कापला गेला असता. हे काम दरवर्षीच्या यादीत घालावे.

२ फेब्रुवारी

टॅगची चाचणी. सौर पॅनेलचे जीपीएस-जीएसएम टॅग, म्हणजे उपग्रहांवरून जागा टिपून (प्रत्येक टिपलेली जागा एक 'बिंदू') मोबाइल टॉवरमार्फत पाठवणारे, प्रत्येकी ५ ग्रॅम. बसवण्याआधी ४८ तास बांधावर उघड्यावर ठेवले. जागा ठाऊक असल्याने चूक मोजता येते. बहुतेक बिंदू १५ मीटरच्या आत पडले, एक १४० मीटरवर. तो बिंदू घेताना पुरेसे उपग्रह नव्हते. उपग्रहांची संख्या न पाहता नकाशा काढला की पक्षी न गेलेल्या झोपडपट्टीत किंवा महामार्गावर बसलेला दिसतो.

कोणाला बसवायचे हे वजन ठरवते. टॅग, पट्टे, कडे, फ्लॅग (पायावर लावायची, अक्षरे कोरलेली रंगीत पट्टी) हे सगळे मिळून शरीराच्या वजनाच्या ३ टक्क्यांच्या आत. ५० ग्रॅमच्या कर्ल्यू सँडपायपरला दीड ग्रॅमची मुभा, म्हणजे हा टॅग नाहीच. १२० ग्रॅमच्या रेडशँकला ३.६, तरीही नाही. २३० ग्रॅमच्या पुढचा ब्लॅक-टेल्ड गॉडविट चालतो. हलक्या पक्ष्यांसाठी कोरलेले रंगीत फ्लॅगच बरे. दुर्बिणीतून वाचता येतात, पुन्हा पकडावे लागत नाही.

१०-११ फेब्रुवारी, रात्र

२१ पक्षी, २ आधीच्या कड्यांचे. त्यांत ६० मिमीच्या जाळ्यात गॉडविट दोन, वजने २३६ आणि २६८ ग्रॅम. दोघांनाही टॅग. एकूण भार ५.८ ग्रॅम, म्हणजे अनुक्रमे २.५ आणि २.२ टक्के.

पट्टा मांडीच्या फासाचा: दोन फास दोन मांड्यांतून, टॅग कमरेवर. पाठीच्या पट्ट्यासारखा तो छातीच्या उड्डाणाच्या स्नायूंवर येत नाही. फास बसवल्यावर टॅग उचलून पाहायचा, खाली साधारण ४ मिमी मोकळे हवे. त्याहून घट्ट असेल तर स्थलांतराआधी पक्षी चरबी साठवू लागला की मांडीत रुततो. सैल असेल तर एक पाय त्यातून निघतो आणि टॅग लोंबकळतो. दुसऱ्या पक्ष्याचा डावा फास २ मिमी लांब झाला होता, टॅग तिरका बसला. उसवून पुन्हा बांधला. गाठीवर सायनोॲक्रिलेटचा (झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा) एकच थेंब, तोही सुईच्या टोकाने. थेंब पिसांवर ओघळला तर पिसे चिकटून कडक होतात. खाली कागदाचा तुकडा धरावा.

हाताळणी १४ आणि १९ मिनिटे. वीस ही मर्यादा. ओलांडली तर टॅग न बसवता सोडायचा. दोघेही बारदानाच्या पिंजऱ्यात दहा मिनिटे उभे ठेवून, मग पाण्याच्या कडेला जमिनीवर सोडले. हवेत फेकायचे नाही.

१८ फेब्रुवारी

आठ दिवसांचे बिंदू. पहिल्या तीन दिवसांत दोन्ही टॅगची बॅटरी ४.१ वरून ३.८ व्होल्टवर आली, नंतर स्थिरावली. सुरुवातीला कमरेची पिसे पॅनेलवर येतात, पक्षी पंख साफ करत ती बाजूला लावतो. म्हणून पहिल्या आठवड्यात दर चार तासांनीच बिंदू. ३.७ च्या खाली गेले तर बारा तासांवर न्यायचे.

ओहोटीला दोघेही चिखलाच्या अगदी पाण्यालगतच्या कडेला, भरतीला मिठागरात. एक पक्षी भरतीच्या तीन वेळा खाडीच्या पूर्व काठावरच्या पाणथळीवर गेला. बिंदू पाहूनच कळते की या पक्ष्यांना खाडी एकटी पुरत नाही. भरतीच्या चार तासांत टेकायला जागा नसेल तर ओहोटीचा चिखल कितीही मोठा असला तरी निरुपयोगी. मिठागरे भरून टाकण्याचे प्रस्ताव येतील तेव्हा ठेवायला हा पुरावा आहे.

१०-११ मार्च, रात्र

३३ पक्षी, त्यांत ५ आधीच्या कड्यांचे. हेच पाच या रात्रीचे खरे मोल. एक छोटा टिलवा नोव्हेंबरात २१.४ ग्रॅम होता, आज २९.८. तोच पक्षी, तोच काटा. छातीच्या खळगीत फुंकर मारून पाहिले तर चरबी पिवळसर, खळगी भरून वर आलेली. कर्ल्यू सँडपायपरच्या छातीवर विटकरी पिसे फुटू लागली आहेत.

या दिवसांत हाताळणीची वेळ कमी करावी. जड पक्षी लवकर तापतात. मोजमाप चारच: पंख, चोच, वजन, चरबी. बाकी सोडून द्यावे.

कर्ल्यू सँडपायपरच्या एका पिल्लावर चरबी शून्य, विटकरी पिसे एकही नाही, वजन ४९. वय ५. असे पक्षी पहिला उन्हाळा इथेच काढतात. त्याला फ्लॅग लावला.

९ एप्रिल

गुढीपाडवा. जाळी गोड्या पाण्यात धुवून सावलीत वाळवली. खारे पाणी राहिले तर नायलॉन पुढच्या वर्षी हातात तुटते.

कड्यांचा हिशेब: हाताळलेले पक्षी १७६. नवी कडी १६४, आधीची ११, मेलेला १. खराब झालेली कडी ४; दोन टोके एकमेकांवर चढली म्हणून उघडून काढली, क्रमांक रद्द करून पुड्यात ठेवली. पायात जरा जरी फट किंवा टोकाची चढण राहिली तर त्यात धागा, शेवाळ, पिसे अडकतात. सरळ करून पुन्हा वापरू नये, वाकवलेला धातू तिथेच तडकतो.

पहिल्या गॉडविटच्या टॅगचा शेवटचा बिंदू ४ एप्रिल, संध्याकाळी, मिठागरात, बॅटरी ४.० व्होल्ट. त्यानंतर काही नाही. हा पक्षी मेला असे लिहिलेले नाही. मेलेल्या पक्ष्याचा टॅग एकाच जागेचे बिंदू पाठवत राहतो आणि हालचालीचा आकडा शून्यावर येतो. चांगल्या बॅटरीनिशी एकदम गप्प झालेला टॅग बहुधा मोबाइल टॉवरच्या पल्ल्याबाहेर गेलेला असतो. तो बिंदू साठवत राहतो आणि टॉवर सापडला की एकदम पाठवतो. यादीत शेरा: 'संपर्क नाही'. ऑक्टोबरअखेरपर्यंत हाच शेरा राहील. दुसरा अजून खाडीतच, काल दुपारी चिखलावर.

मार्चमधल्या त्या पिल्लाचा फ्लॅग ७ तारखेला वाचला गेला, पूर्वेकडच्या पाणथळीवर, वीस-बावीस टिलव्यांत एकटा कर्ल्यू सँडपायपर. दुर्बिणीला फोन लावून तीन फोटो घेतले, तिन्हींत अक्षरे स्पष्ट. पुढचे वाचन मेच्या उधाणाला, त्याच बांधावरून.